आधी पलीकडची भिंत

बोरिवली (पूर्व)
१८ नोव्हेंबर १९८८

प्रिय प्रेमा,

पाकिटाची जाडी बघूनच तुझ्या लक्षात आलं असेल, आईचं आज काहीतरी वेगळं आहे. एरवी माझं पत्र म्हणजे आठ ओळी, त्यातल्या चार शेजारच्या शेवंतीच्या गुडघ्यांवर. नाशिकला गेल्यावर पहिल्याच पत्रात तू मला बजावलं होतंस, बाबांबद्दल एक अक्षर लिहिलंस तर पत्र पुढे न वाचता चुलीत घालीन. दोन वर्षं मी ते पाळलं. आज मोडते. चुलीत घालायचं तर घाल बाई, पण शेवटपर्यंत वाच आणि मग घाल. एवढं आईचं ऐक.

तुझे बाबा अडीच महिने अंथरुणावर आहेत. गणपतीच्या आधी आठ दिवस सकाळी नळावर बादली भरायला गेले, तिथेच खाली बसले, ते परत आपल्या पायांनी उठले नाहीत. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एकच शब्द उरलाय, 'हो'. चहा हवा? हो. नको? हो. कूस बदलू? हो. परवा मी वैतागून म्हटलं, अहो, मग मी मरू का आता? त्यालाही हो! मग दोघंही हसलो, ते बिचारे अर्ध्याच तोंडाने. डॉक्टर म्हणतात, महिना काढतील, फार तर. दारात पाऊल वाजलं की उशीवरून मान उचलतात, कोण आलंय ते बघतात आणि मान परत टेकतात. दिवसातून वीस वेळा. कोणाची वाट बघतात ते मला विचारायला नको आणि तुलाही सांगायला नको. प्रेमा, ते आहेत तोवर ये. तू नाही म्हणणार हे मला पाठ आहे, म्हणून तर एवढं लिहायला बसले.

तुझ्या लेखी बाबा म्हणजे महापौर काशीराम धुरी. स्वतःच्या नावासाठी जावयाचा जीव घालवणारा माणूस. मी लग्न केलं तो माणूस महापौर नव्हता गं. तो मालवणाकडच्या एका तरीवाल्याचा मुलगा होता. तुझे आजोबा नदीवर होडी चालवायचे, ह्या काठची माणसं त्या काठाला. सोळाव्या वर्षी हे मुंबईला आले, गिरणीत साच्यावर उभे राहिले, आणि चार पैसे जमल्यावर सगळे लोक परळ-लालबागेत खोली शोधत होते तेव्हा हा शहाणा बोरिवलीला येऊन दहिसर नदीच्या काठावर बैठ्या चाळीत खोली घेता झाला. का, तर म्हणे दारातून पाणी दिसतं. मी कपाळाला हात लावला. तेव्हा नदीचं पाणी एवढं स्वच्छ होतं की तुझी लंगोटं मी तिथे धुतली आहेत. आज सांगितलं तर कोणी खरं मानायचं नाही.

पावसाळ्यात पाणी जिथवर चढेल तिथे ओट्याच्या खांबावर गेरूने रेघ मारायची आणि बाजूला साल लिहायचं, ही त्यांची सवय तुला माहीत आहे. आजोबा गावी देवळाच्या पायरीवर तसंच करायचे. तू लहानपणी त्या रेघांना आपली उंची लावून बघायचीस. चाळीतले लोक हसायचे, म्हणायचे काशीराम नदीचा हजेरीपट मांडतोय. पण कुठल्या खोलीत कधी पाणी शिरेल ते पालिकेच्या माणसाआधी ह्यांना कळायचं. लोकांनी नगरसेवक केलं ते त्यासाठी. भाषण कुठे येत होतं? सकाळी ओट्यावर बसायचे, कोणाला दाखला हवा, कोणाचं गटार तुंबलंय, कोणाच्या पोराला शाळेत घेत नाहीत. शिक्का खिशात आणि छत्री काखेत. गिरणीचा संप झाला, गिरणी गेली, तरी ओटा सुटला नाही.

आणि महापौर कसे झाले ते तर तूच हसून हसून सांगायचीस. पक्षातले दोन मोठे आपापसात भांडले, कोणी कोणाला होऊ देईना, म्हणून ज्याच्याशी कोणाचंच वाकडं नाही असा माणूस शोधला. एक वर्षापुरता. लाल दिव्याची गाडी आपल्या गल्लीत शिरायची नाही म्हणून नाक्यावर उभी राहायची आणि महापौरसाहेब धोतराचा सोगा धरून चिखलातून तिथवर जायचे. बंगल्यात राहायला चला म्हणून बोलावणं आलं तर मीच अडून बसले. म्हटलं, चाळ सोडली की माणूस बिघडतो. तेव्हा माझा फोटो पेपरात आला होता, नळावर हंडा भरताना, 'महापौरांच्या पत्नी रांगेत'. तो मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तुला वाटलं बाबांनी चिकटवला. नाही गं, मी. मला फार आवडायचं ते, गरीब पण सचोटीची म्हणून चारचौघांत नाव होणं. हे लिहितानाही लाज वाटते, पण आज लाजेचा विचार करून चालायचं नाही.

त्या उन्हाळ्यात नदीला भिंत बांधायचं ठरलं. पाऊस येण्याआधी एकाच काठाची होण्यासारखी होती, दुसरी पुढच्या उन्हाळ्यात. बाबा सभेत उभे राहिले आणि म्हणाले, आधी पलीकडची भिंत, महापौराचं दार शेवटी. काय टाळ्या पडल्या! पेपरवाल्यांनी चौकटीत छापलं. पलीकडच्या सोसायटीतल्या वसुधाताई, त्या शाळेतल्या बाई गं, पेढे घेऊन आल्या.  तुझा शिवदास मात्र जेवताना एवढंच म्हणाला, बाबा, आपली बाजू सखल आहे. बाबांनी मान खाली घालून भात कालवला. तुला ते चांगलं आठवतं, कारण पुढे तेच तू त्यांच्या तोंडावर फेकलंस.

वर्ष संपलं, गाडी गेली, दुसरे महापौर झाले. त्याच वर्षीचा जुलै आला. वर डोंगरात ढगफुटी आणि खाली खाडीला भरती, पाण्याने जायचं कुठे? पलीकडे भिंत. मग ते आपल्याकडेच आलं. सकाळी नऊला ओट्यावर, साडेनऊला छातीपर्यंत. शिवदासने शेवंतीच्या सासूला पाठंगुळी घेऊन बाहेर काढलं, मग शेवंतीच्या दोन मुली काढल्या, मग माळ्यावर अडकलेल्या गुणाजीकाकांसाठी परत गेला. बाबा दोराचं एक टोक खांबाला आणि एक कमरेला बांधून गल्लीच्या तोंडाशी उभे होते, ओरडत होते, नको जाऊ, पाण्याची ओढ बदलली आहे. तरीवाल्याचा मुलगा तो, त्याला दिसत होतं. गुणाजीकाका माळ्यावरच वाचले. आणि शिवदास दुसऱ्या दिवशी गोराईच्या खाडीत, तिवरांत सापडला. सव्वीस वर्षांची तू.

तू काय बोललीस ते सगळ्या चाळीने ऐकलं. बाबा, टाळ्यांसाठी माझं कुंकू पुसलंत तुम्ही.  तेराव्यानंतर तू ट्रंक भरलीस आणि निघालीस. मला वाकून नमस्कार केलास, त्यांच्या समोरून सरळ चालत गेलीस. ते दारात उभेच होते. तू नाक्यावरून वळलीस तरी उभेच.

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू लिहू दिलं नाहीस. त्यानंतर तो माणूस आपल्या बाजूच्या भिंतीमागे हात धुऊन लागला. रोज सकाळी छत्री काखेत आणि कचेरी. माजी महापौराला कोण विचारतो? ज्या दरवाज्यातून शिपाई वाकून आत घ्यायचे तिथे बाकड्यावर तीन-तीन तास बसवून ठेवलं. कोणी म्हणालं, साहेब, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात ना. ऐकून घ्यायचे. घरी आल्यावर मी विचारलं, काय झालं, तर म्हणायचे उद्या बोलावलंय. गेल्या मे महिन्यात भिंत उभी राहिली. कोणी नावाची पाटी बसवायची म्हणालं, तर हात जोडून म्हणाले, पाटी बसवलीत तर मी ती उपटून टाकीन. यंदा चाळीत पाणी आलं नाही. शेवंतीची सासू रोज संध्याकाळी भिंतीला टेकून बसते आणि शिवदासच्या नावाने रडते. बाबा त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. काम झालं आणि माणूस आतून रिकामाच झाला. मग नळावरचा तो दिवस.

आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते. तीनदा शाई वाळली. ती सभा झाली त्याच्या आधीच्या आठवड्यात इंजिनिअर आपल्या घरी आले होते. तू आणि शिवदास त्याच्या गावी जत्रेला गेला होतात. इंजिनिअरांनी खांबावरच्या सगळ्या रेघा मोजल्या आणि म्हणाले, साहेब, आधी तुमचीच बाजू झाली पाहिजे, पलीकडे आधी केली तर पाणी इकडे ढकललं जाईल. बाबा खूश झाले. नकाशा जमिनीवर पसरून मला दाखवत बसले, ही आपली खोली, ही शेवंतीची. आणि मी आदल्याच दिवशी वसुधाताईंकडे हळदीकुंकवाला जाऊन आले होते. तिथे बायका म्हणाल्या, महापौरीणबाई, आता काय, भिंत तुमच्याच दाराला, फरशीही बसवून घ्या हो! सगळ्या हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी ह्यांना म्हटलं, आपल्या दाराची भिंत आधी झाली तर लोक तोंडात शेण घालतील. ते म्हणाले, रुक्मिणी, पाणी टोमणे ऐकत नाही. मी ऐकलं नाही. चूल पेटवली नाही. दोन दिवस पाण्याचा घोटही घेतला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उशाशी येऊन बसले आणि म्हणाले, ऊठ, तू म्हणतेस तसं करतो. 'महापौराचं दार शेवटी' हे त्यांचं वाक्य नव्हतं प्रेमा. ते माझं होतं. मीच त्यांना शिकवून सभेला पाठवलं.

तू त्यांना ते कुंकवाचं बोललीस तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते, पदर तोंडात कोंबून. मी बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसता हात हलवला. तू गेल्यावर मी म्हटलं, मी तिला लिहिते सगळं. तर म्हणाले, नवरा गेला, बाप तिने टाकला, आई तरी राहू दे तिला. आणि मी राहू दिलं. मला ते सोयीचं होतं, हे खरं आहे. तुझी पत्रं यायची, आई, तू जप, आई, तू जेव. मी ती ह्यांच्यासमोर वाचायचे आणि हे ऐकत बसायचे. आता त्यांना बोलता येत नाही, नको म्हणायलाही येत नाही, म्हणून मी हे करू शकते आहे. रविवारी मी मालाडला विमलामावशीकडे जाते आहे, आणि तू बोलावल्याशिवाय परत येणार नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर ते मला समजतं. शेवंतीला सांगून ठेवलंय, ती रात्रंदिवस त्यांच्यापाशी असेल, दार उघडेल. तू आलीस की त्यांच्या डाव्या अंगाला बस, उजवीकडचं त्यांना दिसत नाही. पेज भरवताना घासही डाव्या गालात दे, उजवीकडे अडकतो आणि ठसका लागतो. घाई करू नकोस, ते सावकाश गिळतात.

'तुझीच' लिहायला आज हात रेटत नाही,
आई