तीन बोटं

६ जानेवारी, सोमवार

थुंकला! माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. आणि कोण? मोहनलाल. सकाळी फिरणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. गळ्यात शिट्टी, अंगात नवा ट्रॅकसूट, गालात तंबाखूचा खर्रा.

मी म्हटलं, "लाज वाटते का?" तर हसून म्हणतो, "दीदी, चार राउंड मारले, एक खर्रा खाल्ला. हिसाब बराबर!" बाकीचे सहाजण टाळ्या पिटत हसले. ती त्यांची हास्ययोगाची वेळच होती म्हणा.

बत्तीस वर्षं गोंदिया स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीत बसले. लोक तिकीट मागायला तोंड उघडत आणि मला आत काय काय दिसे! लाल, काळं, पिवळं. वाटलं होतं, निवृत्त झाले की सुटेन. कुठलं काय. आता तेच लोक मैदानावर दीर्घ श्वास घेतात.

घरी येऊन दोनदा साबणाने पाय धुतले. जेवले, सुपारीचं खांड तोंडात टाकलं, तेव्हा कुठे बरं वाटलं.

७ जानेवारी

देवकाबाई हल्ली उजव्या बाजूनेच चावते. आज पोळी खाताना पकडली. "तोंड उघड," म्हटलं. उघडेना. शेवटी उजेडात नेऊन बसवलं. डाव्या गालात आतून जखम, कडा पांढरट.

"किती दिवस झाले?"

"धान कापलं ना बाई, तवापासून."

म्हणजे दोन महिने! आणि रोज सकाळी त्याच गालावर बोट फिरवून गुडाखू घासते. ती डबी कमरेला असते तिच्या. तंबाखू आणि गूळ कुजवून केलेला काळा चिखल — त्याने ही बाई दात घासते! चौदा वर्षं माझ्याकडे काम करते. माझा स्वयंपाक करते. त्याच बोटांनी.

स्टेशनवर शेजारच्या खिडकीत बसणारा छोटेलाल आठवला. त्याचीही अशीच जखम होती. "गर्मी का छाला है," म्हणायचा. आधी जबडा गेला. मग सहा महिन्यांत तो.

देवकाला तसं होऊ देणार नाही.

९ जानेवारी

वरणात पुन्हा मिरची ओतली! दिवाळीपासून सांगते आहे, कमी कर, कमी कर. जीभ, टाळू, सगळी आग. दूध पिऊन जेवण संपवलं. मी टोकते त्याचा राग काढते आहे, दुसरं काय.

१२ जानेवारी, रविवार

बाजारात गेले होते. फार दिवसांनी पाणीपुरी, आमचं गुपचुप, खावंसं वाटलं. हल्ली ही गाडीवाली माणसं गुपचुप करतात की नारळ? तोंडात मावेना. अर्धं आत, अर्धं बाहेर, पाणी हनुवटीवरून थेट पदरावर. चार कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसल्या. गाडीवालीला झापलं. ती म्हणते, "साइज तो वही है अम्मा, दस साल से."

खोटारडी! आणि अम्मा कोणाची?

१४ जानेवारी

संक्रांत. मोहनलाल तिळगूळ घेऊन दारात. "गोड बोला, दीदी!" तोंड उघडलं तर आत लालभडक. तिळगूळ खिडकीतून चिमण्यांना घातला.

१६ जानेवारी

आज डबी गटारात फेकली.

ती मागच्या पायरीवर बसून घासत होती. डोळे मिटलेले, समाधी लागल्यासारखी. मी कमरेची पिशवीच ओढली. मग जी उठली!

"काऊन फेकली? माह्या पैशाची होती!"

"विष आहे ते! मरशील!"

"त्याच्याशिवाय पोट साफ नाई होत माहं. डोकं दुखून राह्यते."

"सगळे व्यसनी असंच म्हणतात."

"मंग तुमी कायले सुपारी खाता? जेवण झालं का कटकट, च्या झाला का कटकट. दिवसभर तो अडकित्ता वाजून राह्यते!"

मला? व्यसन? मी तिला नीट समजावलं. सुपारी फळ आहे. तिच्यात तंबाखू नाही, चुना नाही. माझे बाबा सांगत, जेवणानंतर एक खांड, अन्न जिरतं. आई देवाच्या ताटात ठेवायची. अडकित्ता तिचाच, पितळी, रोज घासलेला. मी कुठे पिचकारी मारत नाही, कोणाचं घर रंगवत नाही. कुठे ती अन् कुठे हे!

"हो," म्हणाली, "तुमची देवाची, माही भुताची." पदर खोचला अन् गेली. भांडी तशीच ओट्यावर.

१७ जानेवारी

आली नाही. भांडी मी घासली. खिचडी केली, मीठ दोनदा पडलं.

१८ जानेवारी, शनिवार

आजही नाही. कुडव्याला तिच्या घरी गेले. खाटेवर डोकं बांधून पडलेली. गुडाखू नसल्यामुळे, म्हणाली. म्हणजे नवी डबी आणली नव्हती! मी ते बोलून दाखवलं नाही. बाम लावून दिला.

मग कामाचं काढलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मैदानावर तोंडाच्या तपासणीचं शिबिर आहे. मोहनलालच्या मंडळाचं — हो, त्याच्याच! काय निर्लज्ज जग आहे. पण दातांची डॉक्टर येणार आहे, फुकट आहे. म्हटलं, चल.

"मले भ्याव लागते बाई. छोटेलालचं तुमीच सांगतलं होतं."

ते सांगायला नको होतं.

भिंतीकडे कूस वळवली. मग म्हणाली, "तुमी बसा आधी खुर्चीवर. मंग मी बसन."

एवढंच ना! बसेन. शाळेत सिस्टर फिलोमिना रोज प्रार्थनेआधी आमची नखं आणि दात तपासायच्या. सात वर्षांत एकदाही मला रांगेतून बाहेर काढलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

नीट लिहून ठेवते.

मंडप. मोहनलालचं भाषण, 'निरोगी मुख, सुखी जीवन'. भाषण झालं आणि हे महाशय मंडपामागे. "मेरा तो सब ओके है, दीदी." प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटल्याचा आवाज पुढपर्यंत येत होता.

डॉक्टर म्हणजे एक पोरगी, रुची नावाची. पंचविशीची असेल. देवका माझा पदर धरून उभी. मी ऐटीत बसले. पोरगी म्हणाली, "तीन बोटं उभी करून दातांमध्ये घाला. बघू किती तोंड उघडतं."

दोन गेली.

"अजून उघडा."

तिसरं जाईना. रेटलं तर गाल ताणले, कानापाशी दुखलं. पोरीने बॅटरी मारली, गालाची आतली बाजू अंगठ्याने चाचपली. मग दुसरा गालही.

"आजी, तंबाखू?"

"छे!"

"सुपारी?"

"जेवणानंतर. सगळेच खातात."

"तिखट खाल्लं की आग होते का?"

"आमची स्वयंपाकीण मिरची फार घालते," मी सांगितलं. देवकाने मान खाली घातली.

मग देवकाची पाळी. तीन बोटं सरळ आत! चौथंही गेलं असतं. डावीकडची दाढ तुटून धारदार झाली आहे, तीच गालाला लागते. पोरीने दाढ घासून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा, जखम नाही भरली तर तिचा तुकडा तपासू, गुडाखू बंद म्हणजे बंद. देवका ढसाढसा रडली, मग हसली.

मला एक चिठ्ठी दिली. नागपूरला दाखवा, म्हणे. सुपारी आजपासून बंद, म्हणे. नुसत्या सुपारीनेही गाल आतून आवळत जातात, आणि पुढे त्यातून काहीही होऊ शकतं, म्हणे.

काहीही म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

चिठ्ठी पर्समध्ये आहे.

२७ जानेवारी

मुळात माझं तोंडच लहान आहे. लहानपणापासून. सिस्टर म्हणत, घास छोटा घ्यावा, तोंड वासू नये. आम्ही कधी वासलंच नाही. कालची पोरगी! मला आजी म्हणणारी! दोन दिवसांच्या शिबिरात शिकून आली असेल.

आरशासमोर पाहिलं. दोन.

लहान मुलांची पावडर लावून पाहिली, बोटं सुळकन जातील म्हणून. दोन.

जेवणानंतर दोन खांडं खाल्ली. मुद्दाम.

२८ जानेवारी

देवकाची जखम आज लहान दिसते. बारा दिवस डबी नाही. सकाळी कडुनिंबाची काडी चघळत आली, थू थू करत. "कडू हाये बाई, पण करून राहिली." मी अडकित्ता पदराखाली घेतला. का, ते कळलं नाही.

वरण आजही जाळ. ताट सरकवलं. खूप बोलले तिला. नाही नाही ते बोलले. तिने खालमानेने ताट उचललं.

३० जानेवारी, गुरुवार

आज स्वयंपाकाच्या वेळी ओट्याशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, किती मिरची टाकतेस ती माझ्या डोळ्यांसमोर टाक.

देवकाने तिखटाचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. दिवाळीत मी भरला होता तसाच. काठोकाठ.

"दिवाळीतली मंडईची जत्रा झाली तवापासून तुमच्या वरणात-भाजीत मिरची टाकूनच नाई राहिली, बाई," ती म्हणाली. "नुसती बोलणी खाऊन राहिली."