कडीकाढ्यांची लेक

२८ जून
सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी वेशीची कडी काढली, म्हणून माझ्या बाबांनी अजून गुडघे का टेकायचे? उत्तर नाही माझ्याकडे. बोलोन्याच्या विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेऊन आले, घरातली पहिलीच — तरी नाही.

बाबा आज मूर्ती वाहायचे दांडे उतरवून तेल लावत बसले होते. मरियामातेच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, अजून किती अवकाश! पण रस्त्याच्या कामावरून आले की त्यांचा हाच उद्योग. मरियामातेची मूर्ती आम्ही खालच्या आळीतल्यांनी खांद्यावर वाहून वर न्यायची. चर्चच्या पायरीशी ओझ्यासकट गुडघे टेकायचे. मग वरच्या आळीतली बाई तांब्याच्या घागरीतून एकेकाला पाणी पाजणार आणि म्हणणार, "प्या. विसरलो आम्ही."

दरवर्षी विसरतात! आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आम्ही कडीकाढे.

१ जुलै
हे कुणाला सांगितलेलं नाही. बोलोन्यात मी सगळ्यांना म्हणायचे, मी मोंतेतोर्वो गावच्या वरच्या आळीतली. तिथं कुणाला काय कळणार होतं? तरीही म्हणायचे. एकदा बाबा टोमॅटोच्या बाटल्या घेऊन भेटायला आले. माझ्या खोलीत राहणारी मुलगी त्यांना म्हणाली, "तुमच्या खिडकीतून सगळी दरी दिसते ना?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिसते की. फार छान दिसते."

आमच्या खिडकीतून वरच्या घरांची सांडपाण्याची नळी दिसते.

५ जुलै
नगराध्यक्षांना वेशीवर लावायला फलक हवाय — गावाचा इतिहास, थोडक्यात. मजकूर मी लिहायचा. थोडक्यात कसला, पुरता लिहून काढला!

आमच्या डोंगराचा माथा वाळूच्या दगडाचा आणि पोट चिकणमातीचं. पाऊस माथ्यावर पडतो, झिरपतो, मातीला टेकला की पुढं जागा नाही — म्हणून झरा फुटतो तो पार खाली, वेशीबाहेर. ड्यूकच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा झरा त्यांच्या ताब्यात गेला. खालच्या आळीचे घसे कोरडे पडले आणि कुणीतरी कडी काढली. सैन्य आत आलं, वरची घरं जाळली. इथवर सगळ्यांना पाठ आहे.

पण वरच्या आळीत एर्सीलियाबाईंच्या अंगणाखाली दगडात कोरलेलं मोठं टाकं आहे! छपरांचं पाणी त्यात उतरायचं. मार्चमध्ये मी स्वतः आत उतरले होते. म्हणजे वर पाणी होतं. त्यांनी दिलं नाही. मग माफी कुणी कुणाची मागायची?

एका बैठकीत लिहून संपवलं. रागाने की आनंदाने, काय माहीत.

१२ जुलै
फलक लागला. मी चर्चच्या पायरीवर उभी राहून भोंग्यावरून वाचून दाखवला. "वरच्या आळीने टाकं बंद ठेवलं" — या वाक्याला आमच्याकडच्यांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढचं वाक्य मलाच ऐकू आलं नाही. बाबा सगळ्यांत मागे. रडत होते.

१३ जुलै
गास्पेरोच्या बारमध्ये बाबा गेले. तो वरच्या आळीतला; नेहमीसारखं म्हणाला, "काय रे कडीकाढ्या, लाल वाइन की पांढरी?"
बाबा म्हणाले, "आधी पेलाभर पाणी दे. की कुलूप लावलंयस?"
अख्खा बार हसला म्हणे. गास्पेरोसुद्धा. बाबांनी घरी येऊन हे आईला तीनदा सांगितलं.

२१ जुलै
आमच्याकडचे लोक रोज सकाळी एर्सीलियाबाईंच्या दारात रिकाम्या बाटल्या मांडून ठेवतात. रांगेने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. हसले मी.

आज पावाच्या दुकानात त्या समोरच आल्या. घागरीचा मान त्यांच्याकडे आहे — पाणी पाजतात त्या त्याच. दुकानात कुणीतरी मागून म्हणालं, "जपून रे, पाणीचोर आल्या." त्यांनी पाव घेतला, सुटे पैसे पर्समध्ये टाकले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "निवेस, तू माझ्या टाक्यात उतरलीस तेव्हा वरून दिवा मीच धरला होता ना गं?"

मी पाव न घेताच बाहेर पडले.

३० जुलै
अंगणात चुलीवर टोमॅटो उकळत होते. बाबा बाटल्या भरता भरता म्हणाले, "यंदा मी गुडघे टेकणार नाही. मूर्ती नेईन, पण उभा राहीन."
आई म्हणाली, "मला मागणी घालायला आलास तेव्हा बरे टेकले होतेस."
"तो गुन्हा मी केला होता, हा नाही!"
सगळे हसलो. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरीने माझे गुडघे सरळ केले."

इतका सरळ उभा राहिलेला माणूस मी आमच्या घरात पाहिलेला नाही.

६ ऑगस्ट
माझ्या प्राध्यापक तार्दिनी बाई आल्या होत्या बोलोन्याहून, फलक वाचून खूश. टाकं बघू म्हणाल्या. एर्सीलियाबाईंनी किल्ली दिली, पण स्वतः घराबाहेर आल्या नाहीत.

आत तार्दिनी बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. गिलाव्यात एक खापराचा तुकडा रुतलाय. पांढऱ्यावर निळं फूल. "निवेस, ही निळी फुलांची भांडी या डोंगरात कधी आली?"
मी सांगितलं. वेढ्यानंतर दोनशे वर्षांनी.
"आणि हा तुकडा दगडावरच्या पहिल्याच गिलाव्याच्या पोटात आहे. म्हणजे टाकं?"
म्हणजे टाकं वेढ्याच्या वेळी नव्हतंच. वरचेही त्याच झऱ्याचं पाणी पीत होते. वरचेही तहानेने मरत होते.

"होतं असं," बाई म्हणाल्या. "दुरुस्त कर." आणि चारच्या बसने गेल्या.

७ ऑगस्ट
तो तुकडा मी मार्चमध्ये पाहिला होता.

पाहिला होता! बोटाने चाचपलाही. मनात म्हटलं, नंतर पडून चिकटला असेल. बाईंना विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं मला.

९ ऑगस्ट
नाही सांगितलं तर? एका बाईच्या दारात चार बाटल्या. त्यांनी आम्हाला सातशे वर्षं कडीकाढे म्हटलंच ना? आणि सांगितलं तर बाबा पुन्हा खाली. माझ्याच तोंडून.

दिवसभर हाच हिशोब. किळस आली स्वतःची.

१२ ऑगस्ट
एर्सीलियाबाईंकडे गेले. त्या शेंगा सोलत होत्या, बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं — तुकडा, मार्च, सगळं.

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचेही घसे कोरडेच होते."
"हो."
"तुझ्या बापाला सांगितलंस?"
"नाही."
"मग मला कशाला सांगतेस? मी काय पाद्री आहे? हलकी व्हायला आलीस माझ्याकडे." टोपली बाजूला ठेवली. "पाणीचोर मला चौकात म्हणतात, निवेस. स्वयंपाकघरात नाही."

खरं आहे. हलकी व्हायलाच गेले होते.

१३ ऑगस्ट
सकाळी बाबांना सांगायला गेले. ते दाढी करत गुणगुणत होते. मी तशीच परत फिरले.

१४ ऑगस्ट
बाबांनी बूट पुसले. म्हणाले, "उद्या फोटो काढ हं माझा. उभा असतानाचा."

संध्याकाळी सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, आईसमोर. बाबांनी सुरी खाली ठेवली. "हे तुला कधीपासून माहीत आहे?" मग स्वतःच म्हणाले, बाई आल्या त्या दिवसापासून का? मी म्हटलं, नाही. मार्चपासून.
ते उठून अंगणात गेले. आई म्हणाली, "जेवून तरी घे." मला, की त्यांना, कळलं नाही.

१६ ऑगस्ट
काल चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर त्याच पायरीवरून, त्याच भोंग्यावरून सगळं सांगितलं. बाबा ऐकून घरी निघून गेले. मूर्तीचा पुढचा, त्यांचा दांडा रिकामा राहिला. आजवर बाईने कधी धरला नव्हता. मी धरला, वर नेला, पायरीशी गुडघे टेकले. उजवा गुडघा सुजलाय.