दोघांनी मोडलेली खुर्ची

७ जून

चि. ठोक्यास,
अ. आ.

पत्र लिहायची पाळी खरं तर तुझी. पण तुझी वाट बघत बसले तर माझ्या पेनातली शाई वाळेल, म्हणून मीच लिहिते. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. टपाल कचेरीच्या खिडकीमागे सगळी हयात गेली, त्यामुळे मनातलं पाकिटात घालून चिकटवलं की मगच बरं वाटतं.

तब्येत ठीक आहे. डाव्या डोळ्यात थेंब चालू आहेत. ताई रोज संध्याकाळी कामावरून परस्पर येते, थेंब घालते आणि सोबत एक भाषणही देऊन जाते. स्टुलावर चढू नकोस, अंधारात जिना उतरू नकोस. या वयात स्टुलावर चढून मी काय दिवे लावणार आहे? पण बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

आता मुद्द्याचं. वरच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई राहतात ना, त्या परवा एक मासिक घेऊन आल्या. गुळगुळीत कागद आणि आत तुझा पानभर फोटो. काळा सदरा, हाताची घडी, चेहरा गंभीर. मला आधी हसूच फुटलं, कारण लहानपणी कडू औषध पुढे केलं की तू अगदी अस्संच तोंड करायचास. फोटोखाली मोठ्या अक्षरात छापलंय, ‘आईने माझी पहिली खुर्ची बंबात जाळली आणि त्या दिवशी मी डिझायनर झालो.’

बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, की खरंच जाळलीत का हो? आता काय सांगणार? जाळली तर होतीच. मी हो म्हटलं. त्या चहा अर्धा टाकून निघून गेल्या.

अरे, पण मी एक शब्दही न बोलता एकेक पाय मोडत गेले आणि तू दाराशी उभा राहून रडत होतास, असं आत छापलंय, ते कुठून काढलंस? मी, आणि एक शब्दही न बोलता! ताई म्हणाली, हे वाचून ओळखीच्या माणसांना तर लगेच कळेल की बाई दुसरीच कोणीतरी आहे.

ती खुर्ची तू माझ्यासाठी केली होतीस. कचेरीतली खुर्ची बुटकी, खिडकी उंच, दिवसभर मान वर करून माझे खांदे भरून यायचे, म्हणून तू खोक्यांच्या फळ्या जोडत बसलास. मी बसले तर ती डुगडुगली, आणि पुढची कड गुडघ्यामागे अशी रुतली की मी ओरडलेच. म्हटलं, ठोक्या, ही खुर्ची आहे की शिक्षा? तू आधी फुगलास. मग स्वतः बसून बघितलंस आणि फिस्सकन हसलास. मग दोघांनी मिळून मोडली. पहिला पाय बंबात तूच घातलास. पाणी इतकं कडकडीत तापलं की तुझे बाबा अंघोळीवाचून ओरडत राहिले, आणि आपण दोघं ओल्या मोरीत बसून पोट दुखेस्तोवर हसत होतो. दुसऱ्या दिवशी मीच तुला कोपऱ्यावरच्या सुताराकडे घेऊन गेले आणि याला नीट शिकवा म्हणून सांगितलं.

छापायच्या गडबडीत एवढं राहून गेलं असेल. काय ते कळव.

बाकी सगळं बरं आहे. वेळेवर जेवत जा आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आई


१९ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसलो, मग ओशाळलो. काळा सदरा मासिकवाल्यांनीच घालायला लावला. इथे काम डोक्यावरून वाहतंय. शाळेतल्या बाकांची नवी तऱ्हा करतोय आणि माझ्या हाताखालची पोरं रोज माझ्याशी भांडतात. भांडू देतो. विभागाचा प्रमुख झालो म्हणजे शहाणा झालो असं त्यांना वाटत नाही, हे चांगलंच आहे.

गोष्टीचं म्हणशील तर ती मी पहिल्यांदा सांगितली इथल्या नोकरीच्या मुलाखतीत. तुमच्या आयुष्याला वळण देणारा क्षण कोणता, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, तुझे खांदे, सुतार, मोरीतलं हसणं, सगळं. त्यांनी सभ्यपणे माना डोलावल्या. एक बाई घड्याळ बघत होत्या. मी घाबरलो गं. नोकरी हातची जाते असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, की पण ती खुर्ची जळताना बघून मला फार लागलं. त्या बाईंनी झटकन मान वर केली. तिथेच माझी नोकरी पक्की झाली.

पुढच्या वेळी मी सुतार गाळला. मग हसणं गाळलं. मग ती तुझ्यासाठी होती, तेही गाळलं. खुर्ची करताना आम्ही हेच करतो, आई. जो तुकडा काढला तरी ती उभी राहते, तो काढून टाकायचा. गोष्ट उभी राहत होती. लोक गप्प होऊन ऐकायचे.

तू मनावर घेऊ नकोस. ऐकणाऱ्यांना तेवढं कळतं. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि माझी आई तशी नाही म्हणावं.

थेंब चुकवू नकोस. ताईला तिची भाषणं माझ्या नावानेही द्यायला सांग. आहे ती माया तशीच ठेव.

तुझा,
ठोक्या


२ जुलै

चि. ठोक्यास,
अ. आ.

तुझी आई तशी नाही, हे मीच जिना चढून सांगायचं का रे?

लोकांचं मला विशेष काही नाही. तिकिटं संपली की सगळं गाव मलाच बोलायचं, ती सवय आहे. मला लागलंय ते दुसरंच. माझ्या आयुष्यात अशा संध्याकाळी थोड्याच आल्या. कचेरी, घर, आणि तुझ्या बाबांचा स्वभाव तर तुला ठाऊकच आहे. ती एक संध्याकाळ मी जपून ठेवली होती. कधी फार कंटाळले, उदास वाटलं, की ती काढून बघायचे आणि मनातल्या मनात हसायचे. ती तू मला न विचारता नेलीस आणि लोकांना भलतीच करून दाखवलीस. वर लिहितोस, की जो तुकडा काढला तरी चालतं तो काढायचा. म्हणजे मीच की तो.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलं. आता खोडत नाही.

ताई सांगत होती, की पुढच्या महिन्यात तुझा मोठा सन्मान आहे, तू भाषण करणार आणि ते घरबसल्या दिसणार. तिथे एकदा पूर्ण सांग. फार नको. खुर्ची दोघांनी मोडली आणि दोघं हसलो, एवढं म्हण. मग पुढे जन्मभर तुला हवं ते जाळत बस, मी विचारणार नाही. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही, हे मागते आहे.

राग कागदावर उतरला, आता मनात नाही. माझी आठवण असू दे.

तुझी,
आई


११ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. मी गाढव आहे. भाषण लिहून काढलं, त्याचं पहिलंच वाक्य असं आहे, ‘माझी पहिली खुर्ची मी माझ्या आईसाठी केली आणि ती आम्ही दोघांनी हसत हसत मोडली.’ वचन देतो, यात एका शब्दाचा फरक होणार नाही.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम बोलाव. मधल्या खोलीत दिवाणासमोर भाषण दाखवायचा पडदा लावायला ताईला सांग, म्हणजे मोठं दिसेल.

तुझ्या हसण्याची वाट बघणारा,
ठोक्या


९ ऑगस्ट

चि. ठोक्या,
अ. उ. आ.

आई लिहिणार नाही म्हणाली, म्हणून मी लिहिते. तुझी ताई आहे, त्यामुळे गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नकोस.

काल आई दुपारपासून तयार होऊन बसली होती. ठेवणीतले कपडे, केस नीट विंचरलेले. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान आले. आईने त्यांना पुढच्या खुर्च्या दिल्या आणि म्हणाली, की आता ऐका हं, माझा मुलगा काय सांगतो ते. एवढी खुशीत मी तिला बाबा गेल्यापासून बघितली नव्हती.

तू आलास. कागद पुढ्यात ठेवलास. समोर बघितलंस. आणि मग तो कागद घडी करून खिशात घातलास. एक शब्दही न बोलता आईने पहिला पाय मोडला, असं तू सुरू केलंस आणि मी आईकडे बघायचं टाळलं.

तू दाराशी रडत उभा होतास तिथवर ती बसून होती. मग उठली, चहा टाकते म्हणून आत गेली. मी मागे गेले तर नुसता नळ सोडून उभी. बाहेर टाळ्या वाजत होत्या. डॉक्टरीणबाई आत येऊन म्हणाल्या, की काय सुंदर बोलतो हो तुमचा मुलगा. आई म्हणाली, की हो, लहानपणापासूनच छान बोलतो.

का रे केलंस असं? एक वाक्य होतं. एवढं एक तर वाक्य होतं.

मी तुला टाकणार नाही, तेवढी काळजी करू नकोस. पण आत्ता माझ्यापुढे येऊ नकोस.

तुझी,
ताई


१२ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र मिळालं. सबब सांगत नाही, झालं ते सांगतो. मी वाक्य वाचायला तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेतला एक गृहस्थ फोनमध्ये बघायला लागला. एवढंच. मला ते मुलाखतीतल्या बाईंचं घड्याळ दिसलं आणि मी कागद घडी करून खिशात घातला. पुढचं आपोआप तोंडातून आलं. त्याने फोन खाली ठेवला. सगळे गप्प झाले. बोलता बोलता मला कळत होतं की तू बघते आहेस, आणि तरी मी थांबलो नाही.

टाळ्या संपेनात. लोक येऊन हात हातात घेत होते, एक मुलगी तर रडत होती. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. वचन दिलेला कागद अजून कोटाच्या खिशात आहे.

शिव्या दे, पण पत्र लिही. तुझ्या अक्षराचं पाकीट आलं नाही तर मला करमत नाही.

तुझा,
ठोक्या


२० सप्टेंबर

चि. ठोक्यास,
अ. आ.

उशीर झाला. रागावले नव्हते, लिहायला काही सुचत नव्हतं. शिव्या देऊन काय होणार? मुलं भितात तेव्हा आया कुठे शिव्या देतात.

एक विचित्रच होऊन बसलंय, ते तुला सांगते. परवा अंग फार दुखत होतं म्हणून डोळे मिटून पडले आणि आपली ती संध्याकाळ आठवायला गेले. तर मला काय दिसावं? मी एकटीच बंबापुढे उभी आहे, तोंड मिटून. तू दाराशी रडतोयस. पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, पण तेच. हसणं काही केल्या ऐकू येत नाही. तू इतकं चांगलं सांगतोस रे, की आता मलाही तुझंच खरं वाटायला लागलंय. ताईला सांगितलं नाही, ती उगीच मला डॉक्टरकडे ओढत नेईल.

जूनमध्ये मी तुला सगळं लिहिलं होतं, पण ते पत्र तुझ्याकडे. आणि माझंच लिहिलेलं मला नकोही आहे. तू होतास ना तिथे? तू तुझ्या बाजूने लिही. कुठे बसला होतास, आपण नक्की कशाला एवढे हसलो, मी काय म्हणाले. भाषण नको. फक्त मला एकटीला लिहून पाठव, कोणाला दाखवणार नाही.

आपण हसलो होतो ना रे?

वाट बघते.

तुझी,
आई


२ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसलो. मग रोज बसतोय. आई, मला येत नाही. मोरी म्हणून लिहायला घेतो आणि लेखणी दाराशी जाऊन उभी राहते. तू काय म्हणालीस ते आठवायला गेलो की तू गप्पच. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की तिच्याखाली काय होतं ते आता मलाच सापडत नाही. तुझ्यासाठी काहीतरी रचून लिहिणं मला सहज जमलं असतं. तुला कळलंही नसतं. ते मात्र मी करणार नाही.

शेवटी तुझं जूनचं पत्र काढलं. त्यातली ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवतोय. ‘पहिला पाय बंबात तूच घातलास. पाणी इतकं कडकडीत तापलं की तुझे बाबा अंघोळीवाचून ओरडत राहिले, आणि आपण दोघं ओल्या मोरीत बसून पोट दुखेस्तोवर हसत होतो.’

तू लिहिलंस म्हणजे हसलोच असणार. अक्षर माझं असलं तरी आठवण तुझीच आहे. माझ्याकडे माझी असती तर तीच पाठवली असती.

शनिवारी येतो आहे. ताई दारात उभं करणार नाही, तरी येतो. तुझं मूळ पत्र सोबत आणतो, ते तुझ्याजवळच ठेव. माझ्यापाशी नको.

माया मागायला तोंड उरलेलं नाही, तरी मागतो.

तुझा,
ठोक्या