न मागता वाढलेला भत्ता

प्रिय झोमार्त,

आणि तुझ्यासोबत खाणीत उतरणाऱ्या सगळ्यांनो, कारण हे पत्र तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं आहेस. करागांदाच्या या कोळशाच्या खाणीत आपला पगार आजवर कधी वाढला? जनाजे उठल्यावर. त्याआधी कधीच नाही. मग या खेपेला कुणी मेलेलं नसताना, कुणी मागितलेलं नसताना उत्तरेकडच्या थराचा धोका-भत्ता दीडपट कसा झाला?

खाणीच्या खिडकीत दिवे वाटता वाटता माझे केस पिकले. कोण खाली जातं आणि कोण टाळतं, हे आधी मला कळतं. भत्ता वाढल्यापासून पाळीच्या साहेबाने दिवा मागितलेला नाही. मोठ्या साहेबांचा भाचा तुमच्याच थरावर होता ना? आता वर वजनकाट्यावर बसतो. पगार कमी, तरी खुशीत. कमी पगारात खूश असलेला माणूस दिसला की मला शंका येते.

पाळीच्या साहेबाला विचारलं, थरातला स्फोटक वायू उपसून काढला का? म्हणाला, "रौशन आपा, पोरांना पैसे मिळतायत, तुमच्या पोटात का दुखतं?" वायू उपसायचा तर कित्येक महिने कोळसा बंद. भत्त्याला एक सही पुरते. जीव राखणं महाग पडलं, म्हणून त्यांनी जिवाचं भाडं वाढवलं. उद्या काही झालं तर हेच म्हणतील, धोका ठाऊक होता, पैसे मोजून घेतले होते.

तुझी बायको सल्तनत या पैशांतून छपरावर नवा पत्रा घालायचं म्हणते. तिच्यापाशी मी तोंड उघडलं नाही.

पण परवा तुझ्या लेकीच्या पाळण्याच्या जेवणात तुमचा मुकादम कुआनिश दोन पेले जास्त झाल्यावर बोलून गेला, "वायुमापक ओरडला की यंत्र बंद, टनामागचे पैसे बंद! आपला झोमार्त हुशार. मापकाला थंडी वाजते म्हणतो, नि अंगातला कोट त्याच्यावर टाकतो, म्हणजे त्याचं ओरडणं बंद!" सगळे हसले. तू मान खाली घातलीस. मी साहेबांवर संशय घेत होते, आणि हात तुझाही निघाला. म्हणून हे लिहिलं. उद्या खाली उतरताच मापकावरचा तो कोट काढ. यंत्र थांबलं तर थांबू दे.

तुझीच,
रौशन आपा