तुमची पिवळी वायर सापडली

आवो शीतलचे पप्पा,

आधी "प्रिय" लिहिलं व्हतं, मग खोडलं. उभ्या जन्मात तुमाला तोंडानं कधी म्हणलं न्हाई, आता कागदावर म्हणायची मलाच लाज वाटली. जे रोज म्हणायची तेच लिहिलं.

लिहायला बसले ते लाडानं न्हाई, रागानं. आपल्या गाडीचा पंखा कशानं बंद पडला ते काल मला सापडलं. सापडलं तसं तणतणत घरात आले, आन् मग ध्यानात आलं, आता भांडू कुणाशी? ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच न्हाई. म्हणून आज शीतलकडनं पान मागून घेतलं. आता गुमान ऐका, मधी बोलायचं न्हाई.

तुमी गेल्यावर गाडी मीच चालवती. माळावर शिकवताना "क्लच सोड, क्लच सोड" म्हणून केवढं वरडायचे माझ्यावर! आता त्याच गाडीतनं शीतल आन् वस्तीवरच्या तिच्या मैतरणी शिरूरला कॉलेजला जातात. एसटी आपल्या फाट्यावर येती ती कॉलेज भरून गेल्यावर. पोरींचं बारावीचं वरीस हाय. गाडी गेली की पोरी घरी बसणार, आन् घरी बसलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मी दहावीवरच बसले व्हते.

आन् नेमकी गाडी तापायला लागली. मोकळ्या रस्त्यानं मस्त पळायची. बाजारातल्या गर्दीत उभी राहिली, न्हाईतर खिंडीच्या चढाला लागली, की काटा सरसर वर! एक दिवस तर भर बाजारात अशी वाफ निघाली की लोक हातातला चहा ठेवून बघायला आले. पोरी दप्तरं घेऊन पळत सुटल्या, तरी त्यांचं प्रॅक्टिकल हुकलंच. मेस्त्री म्हणला, "वहिनी, इंजिन खोलावं लागंल. त्यापरीस इकून टाका."

तुमच्या वडलांचं तर येगळंच. मामांनी बोनेटवर हात ठेवला आन् म्हणले, "पोरी, हिला आजार न्हाई. धनी गेला की बैल चारा सोडतो, मेंढरातलं कुत्रं त्याच्या हातरुणापाशी बसून ऱ्हातं. हिनं दुःख घेतलंय. हिला दारात ठिवू नको." बीडचं गिऱ्हाईकसुदा बोलावून मोकळे झाले! मी म्हणलं, "मामा, गाडी हाय ती, जितराब न्हाई." पण त्यांचे डोळे भरले व्हते. त्या माणसापुढं आवाज चढवायचा कसा? एवढंच म्हणले, "गिऱ्हाईक येईस्तोर मला बघू द्या."

तुमच्या मागं टॉर्च धरून उभी राहायची मी, ते काय फुकट गेलं न्हाई. डोकं लावलं. पळत्या गाडीला वारा लागतो, पाणी थंड होतं. उभ्या गाडीला वारा द्यायचा तो पंख्यानं. पाणी आपोआप कमी होत न्हवतं, ऑइलात पाणी उतरलं न्हवतं. मग इंजिन कशाला खोलू? बोनेट उघडून गाडी जागेवर चालू ठेवली आन् काटा चढंस्तोर बघत उभी राहिले. पंखा जागचा हललासुदा न्हाई. मग गाडी बंद केली, चांगली थंड होऊ दिली.

शीतल म्हणली, "मम्मी, तुला जमंल का?" म्हणलं, "तुझा बाप जमवायचा, मला काय झालंय?"

पंख्याला बोट लावून फिरवलं, मोकळा फिरला. फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत. मग पंख्याचा प्लग काढला आन् बॅटरीवरनं दोन वायरी सरळ त्याला लावल्या. असा घर्रकन फिरला की शीतल दोन पावलं मागं सरली. म्हंजी मोटार चांगली! मग पंख्याला करंट सोडणाऱ्या रिलेवर संशय आला. ती डबी काढून हॉर्नच्या डबीच्या जागी बसवली. हॉर्न वाजला आन् सगळी शेरडं बिथरली. म्हंजी रिलेबी चांगला. ऱ्हायला सेन्सर, पाणी तापलं की पंख्याला हाळी देणारा.

तिथं गेले तर सेन्सरची वायर तोडलेली! तिला एक पिवळी वायर जोडलेली, आन् वर काळ्या टेपचं हे एवढं गुंडाळं. आवो, ते गुंडाळं मी कुठंबी ओळखीन. चप्पल तुटली तरी तुमाला टेपच लागायचा! उन्हाळ्यात सेन्सर गेला तवा मी कानीकपाळी वरडले व्हते, नवा टाका, नवा टाका. तुमी म्हणले, "टाकला की!" हाच का तुमचा टाकलेला सेन्सर? बायकोच्या तोंडाला भिऊन खोटं बोलला ना? बोला की आता!

वायर धरून मागं मागं गेले. ती डॅशबोर्डखाली शिरली, वर चढली आन् बिरोबाच्या फोटोमागं जाऊन थांबली. देवाच्या लाल लाईटचं बटण हाय ना, त्याच बटणात!

मी तिथंच सीटवर बसले. चढ आला की तुमी ते बटण दाबायचे. बाजारात शिरताना दाबायचे. मला वाटायचं, केवढी ह्या माणसाची भक्ती! तुमच्या बरोबरीनं मी पण हात जोडायची. आन् तुमी शेजारी बसून गालात हसत असणार. किती वेळा हसलात हो मला?

आन् तुमी गेलात त्या दिवशी मामांनी दुखवटा म्हणून ते बटण बंद केलं. वरीस होईस्तोर देवाचा लाईट लावायचा न्हाई म्हणले. कुणी हात लावला न्हाई त्याला. पंखा तवापासनं बंद.

मामांना बोलावलं. म्हणलं, "मामा, तुमच्या हातानं बटण दाबा." ते म्हणले, "वरीस झालं न्हाई गं अजून." म्हणलं, "देवासाठी न्हाई, पोरींसाठी दाबा."  मामांनी चप्पल काढली, वाकले आन् दाबलं. लाल लाईट लागला आन् म्होरं पंखा घोंगावला. मामा दचकून मागं सरले. सगळं समजावून सांगितलं तसे पिवळ्या वायरीला हात लावून म्हणले, "म्हंजी माझ्यामुळं तापत व्हती व्हय गं ही?"

मी म्हणलं, "तुमी दुखवटा पाळला, तुमचं काय चुकलं? ज्यानं सांगून ठेवायचं त्यानं सांगितलं न्हाई." मग आमी दोघंबी रडलो. तुमच्या तेराव्यालाबी मी अशी रडले न्हवते.

आज गिऱ्हाईक आलं. मामाच पुढं झाले. "गाडी इकायची न्हाई, चहा घ्या आन् निघा." मी सकाळीच नवा सेन्सर आणून बसवला, देवाच्या लाईटची वायर येगळी केली. मग भर बाजारात गाडी चालू ठेवून उभी केली. काटा मधल्या खुणेच्या वर गेला, पंखा आपला आपण सुरू झाला, काटा खाली. मेस्त्री बघत व्हता. म्हणला, "वहिनी, कुणी केलं?" म्हणलं, "मी." उद्यापासनं पोरी परत माझ्या गाडीत.

आता खरा राग सांगते. वायरीचा राग गेला, त्याचं हसूच येतंय. पण मामांनी काल रडता रडता सांगितलं, छातीत दुखतंय हे तुमी त्यांना बोलला व्हता. "शीतलच्या आईला सांगू नका, उगं घोर लावून घेईल." आवो, पंख्यासारखं तेबी दाबून ठेवलंत? मी घोर लावून घेतला असता. दवाखान्यात फरपटत नेलं असतं तुमाला. आज शेजारच्या सीटवर बसून क्लचवरनं वरडत असता माझ्यावर. एवढं का भ्याला मला?

ते काय आता जोडता येत न्हाई. पण तुमाला शब्द देते. ह्या गाडीतली एकूण एक वायर शीतलला दाखवीन. आन् माझ्या अंगात कुठं कळ आली तर त्याच दिवशी, हातातलं काम टाकून, पोरीला सांगीन. मग तिनं कितीबी घोर लावून घेऊ दे.

तुमची,
कांता