तत्त्वतः कंपनीचा कलाकार

४ मार्च
शी! बोक्याला डील मिळालं.
बोका म्हणजे आमच्या हॉटेलातल्या बँडचा बेसवाला. डोळे मिटून एका जागी उभा राहतो, म्हणून बोका. एका तारा बनवणाऱ्या कंपनीने त्याला आपला कलाकार करून घेतलं. म्हणजे तारा फुकट, कंपनीच्या साइटवर फोटो, आणि बदल्यात यानं फक्त त्यांच्याच तारा वाजवायच्या. ही बातमी सांगावी कुठे? तर किचनमागच्या खोलीत, जिथे आम्ही शर्ट बदलतो. तेलाचा वास, ओलं पायपुसणं, आणि त्यात याचं लाजून हसणं. गायिकेने टाळ्या वाजवल्या. मी बुटाची नाडी बांधत बसलो.
संकल्प: वर्ष संपायच्या आत डील. तेही फुटकळ तारांचं नाही. गिटारपासून तिचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पपर्यंत सगळं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचं. इतकी वर्षं लोकांच्या जेवणात वाजवतोय, कुणी ताटातून मान वर करत नाही. साइटवर फोटो आला की करतील.

५ मार्च
बोक्याला विचारलं, कसं जमवलंस. म्हणाला, काही नाही रे, पहिल्यापासून त्याच तारा वापरतोय. एकदा तार लवकर गंजली म्हणून कंपनीतल्या बाईंना कळवलं. मग अधूनमधून लिहीत राहिलो, काय आवडलं, काय नाही. मागितलं कधीच काही नाही, त्यांनीच विचारलं.
लबाड! डोळे मिटून दूध पितो. वशिला कोणाचा लावला ते सांगेल तर शपथ.

९ मार्च, सकाळ
अकरा कंपन्यांना मेल पाठवले. मजकूर एकच, नुसतं कंपनीचं नाव बदलायचं. 'तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या गिटारला मी आजवर हात लावलेला नाही.' वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.

९ मार्च, दुपार
नाव बदलायचं राहिलं. सगळ्यांना मोठ्या कंपनीचंच नाव गेलं. त्यातली एक कंपनी ड्रम बनवते. ही म्हणाली, धन्य आहे तुझी. मी म्हटलं, निदान लक्षात तरी राहीन. बायकोला या धंद्यातलं काही कळत नाही.

१२ मार्च
आलं! मोठ्या कंपनीचं उत्तर आलं! तुमचा संदेश मिळाला, योग्य वाटल्यास संपर्क साधू. ही म्हणाली, असली उत्तरं मशीन पाठवतं, मिक्सर बिघडला तेव्हा मलाही हेच आलं होतं. हिला मिक्सर आणि संगीत यातला फरक कळत नाही. 'योग्य' हा शब्द मशीनला सुचेल का?
अशा करारात निष्ठा फार बघतात. मग करार होईपर्यंत थांबायचं कशाला? आजपासूनच निष्ठा सुरू. माझी जुनी गिटार दुसऱ्या कंपनीची, त्यामुळे तिच्या नावावर काळी चिकटपट्टी लावली. हॉटेलातल्या दिव्यांच्या उष्णतेने पट्टीचा गोंद वितळला. अंगठा चिकट, तारा चिकट, शर्टाची बाही चिकट. किळस आली. पण निष्ठा म्हणजे हे आलंच.

२१ मार्च
जुनी गिटार विकली. चिकटपट्टीचं नाटक नको, एक घाव दोन तुकडे. कंपनीची नवी घेतली, हप्त्यांवर. सर्वांत स्वस्तातली, पण नाव तेच. तारा जरा खरखरतात. नवी आहे, रुळेल.
हिने जुन्या गिटारची रिकामी खुंटी पुसली. मग म्हणाली, लग्नाआधी मला ऐकवायला तीच घेऊन यायचास. मी म्हटलं, भावनेवर करिअर होत नसतं. ही म्हणाली, बरं, पण हॉटेल तेवढं सोडू नकोस, हातातलं तेवढं एकच आहे तुझं. सासऱ्यांनाही फोन करून सांगितलं तिने. ते म्हणाले, जावईबापूंना सांग, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये. शिसारी आली मला या घराण्याची. एकालाही स्वप्न पडत नाही.

२४ मार्च
रोज सकाळी गॅलरीत बसून व्हिडिओ. खाली कंपनीचं नाव. इतर लोकांचे असले व्हिडिओ बघून घेतले. एक जण गिटारचा पापा घेतो. एक जण नवा खोका उघडताना रडला. शी शी शी! पुठ्ठ्याचा खोका उघडताना रडणारा माणूस!
दुपारी मीही एक खोका उघडला. आपलाच, आपणच बंद केलेला. रडू आलं नाही. डोळ्यात साबण घातला.

२६ मार्च
खालच्या मजल्यावरचे काका वर आले. रिटायर्ड आहेत, दिवसभर घरीच. म्हणाले, एकच तुकडा किती वेळा वाजवणार, आणि दरवेळी एकाच जागी चुकता. गाढवाला गुळाची चव काय! तोंडावर मात्र मी म्हटलं, रियाज आहे, काका.

५ एप्रिल
काकांची तक्रार बंद! जिन्यात भेटले, गोड हसले, मान डोलावली. मी विचारलं, आता कसं वाटतंय वाजवणं? ते म्हणाले, आं?
हीसुद्धा हल्ली शांत आहे. मी वाजवतो, ही बाजूला बसून पेपर वाचते. चेहरा अगदी प्रसन्न. हाक मारली तरी भानावर येत नाही, इतकी तल्लीन. संगीताने माणूस बदलतो तो असा.

१२ एप्रिल
हॉटेलात तमाशा. तिथला अ‍ॅम्प शत्रू कंपनीचा. इतके दिवस चालवून घेतलं, पण आज एकजण फोनवर शूटिंग करत होता. उद्या कंपनीने बघितलं तर? मी वायर लावायला नकार दिला. पाहुणे सूप पितायत आणि गायिका माईक धरून उभी. आमचे बँडलीडर म्हणजे दादा. कीबोर्डवरून उठून आले, हळू आवाजात विचारलं, सही झाली का करारावर? मी म्हटलं, तत्त्वतः झाल्यासारखीच आहे. दादा म्हणाले, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. मग तूही तत्त्वतः घरी जा.
गेलो. स्वाभिमान आहे. येतील बोलवायला.

२० एप्रिल
आले नाहीत.

२६ एप्रिल
बोक्याचा फोन. दादांनी नवा गिटारवाला घेतला. चांगला आहे म्हणाला, फक्त वेळेवर येतो आणि गप्प वाजवतो. 'फक्त' म्हणाला. मग म्हणाला, त्याने गिटार जुन्या बाजारात घेतलीय. तिच्या डोक्यावर, कंपनीचं नाव असतं तिथे, काळ्या गोंदाचा डाग आहे. कितीही पुसला तरी जात नाही.
फोन ठेवला. माझ्या जागी उभा राहून, माझ्या गिटारवर, माझीच गाणी वाजवतोय मेला! जेवलो नाही. हिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पित्त.

१८ मे, सकाळ
कंपनीचा मेल! खराखुरा, माणसाने लिहिलेला, खाली बाईंचं नाव. 'तुमच्या वाजवण्याबद्दल आमच्याकडे गेल्या काही आठवड्यांपासून लिहून येत आहे. आम्ही तुमचे व्हिडिओही पाहिले. आपण एकत्र काम करावं असं वाटतं.'
जिन्यातच उभा राहून फोन सुरू केले. सासऱ्यांना सांगितलं, पळतं सापडलं म्हणून. दादांना सांगितलं, आता मला बोलवायचं तर कंपनीतर्फे या. बोक्याला सांगितलं, तुझ्या तारा तुलाच लखलाभ. काका दार उघडून बाहेर आले, त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, हो हो, मला कळवलं त्यांनी.
त्यांना कशाला कळवलं?

१८ मे, दुपार
उरलेला मेल वाचला.
मोठी कंपनी गिटार करते, अ‍ॅम्प करते, आणि कानात घालायची बुचंही करते. मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांसाठी. काकांनी मार्चअखेरीस विकत घेतली. आणि तेव्हापासून कंपनीतल्या बाईंना लिहीत होते. काय आवडलं, काय नाही. बुचांनी वरच्या मजल्यावरचे खालचे सूर अडतात, वरचे अडत नाहीत. तो चुकतो ती जागा अजून ऐकू येते, तेवढं बघा. मागितलं कधीच काही नाही. कंपनीने बुचं सुधारली, आणि काकांना विचारलं, आमचा चेहरा व्हाल का.
करार काकांशी आहे. जाहिरातीत काका. माझा गॅलरीतला व्हिडिओ त्यांना मागे हवाय, आवाजापुरता. माझं नाव येणार नाही. बाईंनी विनंती केलीय की नव्याने, सफाईने वाजवून पाठवू नये. आहे तसंच उत्तम आहे.
शी.

१९ मे
सही केली. साइटवर आवाज तर माझा असेल.

७ जून
जाहिरात आली. मी वाजवायला लागतो, काका कपाळाला आठ्या घालतात, बुचं घालतात, शांतता. शांतता फार सुंदर रेकॉर्ड झालीय. लोक ताटातून मान वर करून बघतील अशी.
सासऱ्यांनी फोन करून अभिनंदन केलं. काकांचं. नंबर माझ्याकडेच मागितला.

९ जून
मोबदला आला. बुचांचा एक खोका. खरा खोका, कंपनीने बंद केलेला. उघडताना डोळ्यात साबण घालावा लागला नाही.
हिला म्हटलं, तू घे, मला काय उपयोग. ही म्हणाली, नको, काकांनी एप्रिलातच दिलीत मला. पेपर वाचताना घालते.
मी म्हटलं, म्हणजे इतके दिवस तू ऐकतच नव्हतीस? ही म्हणाली, जुनी गिटार होती तेव्हा ऐकायचे की. तेव्हा लागलीच नाहीत कधी.
संध्याकाळी हॉटेलवरून गेलो. आत नाही गेलो. किचनमागच्या दाराशी उभा राहिलो, माझी जुनी गिटार ऐकू येत होती.