मामांचं मनगट आणि तुमच्या हलक्या गोळ्या

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच मान्य करून घ्यावा. कंबर धरली आहे, शिवाय सध्या वाकायचं मनही नाही.) तुमची शुगर आटोक्यात असेल, ताईचे गुडघे जिना चढू देत असतील, अशी आशा. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे नोकरी आहे तोवर ठीक.

गेल्या आठवड्यात आमच्या रखवालदारांची वार्षिक नेमबाजी चाचणी झाली. बावीस वर्षं इथली पिस्तुलं मी पुसतोय, तेल देतोय, स्प्रिंगा बदलतोय, आणि कधी कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. या खेपेला मुख्य कचेरीच्या भांडारातून, म्हणजे तुमच्याकडून, नव्या गोळ्या आल्या. धक्का कमी, साहेबांचा खांदा दुखत नाही, म्हणून तुम्ही हौसेने मागवलेल्या. पण दाजी, पिस्तूल चालतं तेच त्या धक्क्यावर. गोळी सुटली की वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना नवी गोळी आत घेतो. धक्काच लेचापेचा असेल तर तो अर्ध्या वाटेतून परत फिरतो. त्यात माझ्या स्प्रिंगा जुन्या, जोरदार गोळ्यांच्या हिशेबाने कडक.

उद्घाटनाला साहेबांनीच पहिली गोळी झाडली. एरवी चार हात उजवीकडे उडणारी पुंगळी आळसावून वर गेली आणि त्यांच्याच कॉलरमध्ये उतरली. गरम होती. साहेब कसे नाचले ते पत्रात मावणार नाही, आणि हसू दाबताना माझी कंबर धरली ती धरलीच. मग मामा आले. (आमचे सगळ्यात जुने रखवालदार, निवृत्तीला दीड वर्ष.) त्यांची पुंगळी चार वेळा पिस्तुलाच्या खिडकीतच, बाहेर पडता पडता उभी अडकली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी सांगून मोकळा झालो की मामांचं मनगट सैल पडतं.

तसं ते अगदीच खोटं नाही. मनगट सैल असलं तरी पुंगळी अशीच अडकते, म्हणून तर साहेबांना पटलं. मामांचं पिस्तूल काढून घेतलं, काठी देऊन फाटकावर बसवलं. सोमवारी फेरपरीक्षा, त्यात नापास झाले तर घरी. दुसऱ्या दिवशी मी तेच पिस्तूल माझ्या धडधाकट मनगटाने चालवून पाहिलं. जुन्या गोळ्यांच्या पुंगळ्या भिंतीवर जाऊन आपटल्या. तुमच्या गोळ्यांच्या माझ्या बुटावर पडल्या, दोन अडकल्या. म्हणजे दोष तुमच्या गोळ्यांचा. गोळ्या बदलल्यात तर स्प्रिंगा बदला, एवढं एक वाक्य कळवायला तुमच्या हाताला काय झालं होतं? जावई म्हणून तुमचे लाड आमच्या घराने कमी केले नाहीत, आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटायची पाळी आली. फार वाईट वाटलं, ते लिहून टाकलं. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. हे पत्र ताईला वाचून दाखवू नका.

पुन्हा ता. क. कळवलं नाहीत असं वर लिहिलंय. खोक्यांबरोबर तुमची चिठ्ठी होती, हलक्या स्प्रिंगा घाला म्हणून. मी वाचली नाही, तिच्यावर तेलाची बाटली ठेवली. पण चिठ्ठी मिळाल्याची पोच दिलीय, माझ्या सहीची, आणि ती तुमच्या फायलीत आहे. ती गहाळ व्हावी, एवढ्यासाठीच खरं तर हे पत्र.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामा आले. हातात रबरी चेंडू. मनगटात जोर यायला रोज किती वेळा दाबू, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, शंभर वेळा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, वर माझे आभार मानले. दाजी, ती पोच फाडू नका. सोमवारच्या आत साहेबांच्या टेबलावर पोचवा. माझ्या तोंडून ते निघणार नाही. तुम्ही मला ओळखता.